‘थेट’ या शब्दाला माझी हरकत आहे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत लायबेरियाचा फुटबॉलपटू जॉर्ज वेआ याच्यावर अर्ध्या पानाचा लेख प्रसिद्ध झाला. ‘झोपडपट्टीतून थेट राष्ट्राध्यक्षांच्या खुर्चीत’ असा त्याचा मथळा होता. लेखकाचा हेतू चांगला आहे, सनावळीही बहुतेक बरोबर आहे, आणि नागपूरच्या वर्तमानपत्राने एका रविवारी क्रिकेट बाजूला ठेवून पश्चिम आफ्रिकेतल्या खेळाडूला अर्धे पान द्यावे, याचा मला आनंदच झाला. माझी हरकत मथळ्यातल्या एका शब्दाला आहे, तो शब्द ‘थेट’. एका शब्दासाठी एवढे लांब पत्र लिहिणे हा निवृत्त माणसाचा रिकामपणा आहे असे कोणी म्हटले, तर मी वाद घालणार नाही. जागेअभावी पत्र कापावे लागलेच, तर सुरुवातीचे कापावे किंवा शेवटचे कापावे, मधले कापू नये; मधले कापले गेले हीच तर माझी तक्रार आहे.

तक्रारीचे निमित्त सांगतो. उत्तर नागपुरातल्या एका मैदानावर मी रोज सकाळी फिरायला जातो. तेथे पंधरा-वीस मुले फुटबॉल खेळतात. त्यांतला एक सतरा वर्षांचा मुलगा उजव्या बगलेवर खेळतो आणि चांगला खेळतो. त्याच्या उजव्या बुटाचा तळ दोनदा निघाला, दोन्ही वेळा मोच्याने तो जाड नायलॉनच्या दोऱ्याने शिवून दिला, आणि त्या शिवणीची गाठ अंगठ्याखाली येत असल्यामुळे तो चेंडू मारताना पाऊल किंचित बाहेर वळवतो. त्याची आई चार घरचा स्वयंपाक करते. सोमवारी कामावर जाता जाता ती मैदानाच्या कडेला थांबली, डब्याच्या पिशवीतून आपल्या पुरवणीचे कात्रण काढले आणि मला म्हणाली, ‘‘काकाजी, हे वाचलं का तुम्ही? हाबी आपल्यासारख्याच वस्तीतला पोरगा होता म्हणते. मग आमच्यावाल्याचं काहून नाही होणार?’’ मी म्हणालो, होईल की, का नाही होणार. तेव्हा तिने पुढची गोष्ट सांगितली. परदेशातल्या क्लबांच्या निवड चाचणीला मुले नेतो असे सांगणारा एक गृहस्थ वस्तीत येऊन गेला होता. त्याला मुलाचा पासपोर्ट आणि ६०,००० रुपये हवे होते, तेही आठ दिवसांत. कात्रण तिला त्यानेच दिले होते.

आपल्या उपसंपादकांनी तो शब्द मथळ्याच्या मापात बसतो म्हणून सहज टाकला असेल, हे मी समजू शकतो. पण दलालाच्या हातात तो छापील पुरावा झाला. बाई, पेपरात आले आहे, तो थेट गेला, तुमचाही थेट जाईल.

वेआशी माझे नाते जुने आहे आणि ते केवळ फुटबॉलचे नाही. मी ३४ वर्षे टेलिफोन खात्यात नोकरी केली. युरोपात जाण्यापूर्वी वेआ आपल्या देशाच्या दूरसंचार महामंडळात स्विचबोर्डचा तंत्रज्ञ होता. ही माहिती मी प्रथम एका क्रीडा मासिकात वाचली, तेव्हा दुसऱ्या दिवशी ते मासिक एक्स्चेंजच्या कॅन्टीनमध्ये घेऊन गेलो, आणि तेव्हापासून आमच्या टेबलावर इटलीतल्या मिलान क्लबच्या या सेंटर फॉरवर्डचा उल्लेख ‘आपल्या खात्यातला माणूस’ असाच होत असे. त्याने गोल केला की चहा कोणी पाजायचा यावर वाद होत. आपल्या लेखात या नोकरीचा एका ओळीचाही उल्लेख नाही. झोपडपट्टी आहे, युरोप आहे, सुवर्णचेंडू आहे, राष्ट्राध्यक्षांचा प्रासाद आहे; पण सकाळी डबा घेऊन कामावर जाणारा, बिघडलेली लाइन शोधणारा आणि संध्याकाळी सरावाला पळणारा विशीतला तरुण मात्र त्यात कुठेच नाही. ज्याने हे काम केले आहे त्याचा ‘थेट’ या शब्दावर सहसा विश्वास बसत नाही, कारण टेलिफोनची कोणतीही लाइन थेट जात नाही. ती घरातून खांबावरच्या डीपीत, म्हणजे जोडणीच्या पेटीत जाते, तेथून पिलरमध्ये, पिलरमधून कॅबिनेटमध्ये, कॅबिनेटमधून जाड केबलने एक्स्चेंजच्या फ्रेमवर, आणि यांतल्या एका जरी ठिकाणी जोड सैल पडला तरी ग्राहकाचा फोन मुका होतो. पावसाळ्यात केबलच्या जोडात पाणी शिरले, की खड्ड्यात बसून कागदी वेष्टनाच्या तारा एकेक सोडवायच्या, बझर लावून जोडी ओळखायची आणि पुन्हा बांधायची, हे मी वर्षानुवर्षे केले आहे. म्हणून वेआचे मधले जोड कोणते होते, ते मला लिहावेसे वाटते.

वेआचा जन्म १ ऑक्टोबर १९६६ चा, लायबेरियाची राजधानी मनरोव्हिया येथला. क्लारा टाउन ही त्याची वस्ती बंदराच्या बाजूला, बुशरॉड बेटावरच्या दलदलीच्या जमिनीवर वसलेली आहे. आईवडील वेगळे झाल्यावर त्याला वडिलांच्या आईने वाढवले. अमेरिकेतून आलेल्या मुक्त कृष्णवर्णीयांनी वसवलेल्या आणि १८४७ मध्ये स्वतंत्र झालेल्या या देशात सत्ता, जमीन आणि शिक्षण १९८० च्या लष्करी बंडापर्यंत प्रामुख्याने त्या वसाहतवाल्यांच्या वंशजांकडेच राहिले. वेआचे घराणे मूळच्या क्रू जमातीचे, म्हणजे पिढ्यानपिढ्या जहाजांवर आणि बंदरांत राबणाऱ्यांचे. आजी नसती तर पुढचे काहीच झाले नसते, आणि आपल्या लेखात आजीला अर्धे वाक्य मिळाले आहे.

पंधराव्या वर्षी तो यंग सर्व्हायव्हर्स नावाच्या मुलांच्या संघात खेळू लागला. तेथून मायटी बॅरोल, तेथून इन्व्हिन्सिबल इलेव्हन. मनरोव्हियातले हे दोन संघ एकमेकांचे हाडवैरी; कोलकात्यात मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्यात जशी चुरस असते तशीच ती होती. या संघांच्या सामन्यांतून त्याचे नाव देशात झाले आणि देशाबाहेर गेले. त्यानंतर थोडा काळ आयव्हरी कोस्टमधल्या आबिदजानचा आफ्रिका स्पोर्ट्‌स आणि मग कॅमेरूनची राजधानी याउंदे येथील टोनेर हा क्लब. म्हणजे वस्तीतून युरोपात जाण्याआधी त्याने तीन देशांत निदान पाच संघांचे कपडे अंगावर घातले होते, आणि प्रत्येक ठिकाणी तो आदल्या ठिकाणच्या खेळाच्या बळावर गेला होता. कॅमेरूनच्या राष्ट्रीय संघाचे तेव्हाचे फ्रेंच प्रशिक्षक क्लोद ल रॉय यांनी त्याला तेथील सामन्यांत पाहिले आणि फ्रेंच लीगमध्ये खेळणाऱ्या मोनाको क्लबचे प्रशिक्षक आर्सेन वेंगर यांना कळवले. १९८८ मध्ये मोनाकोने त्याला घेतले, तेव्हा तो एकविशी ओलांडून बाविशीकडे चालला होता. त्यासाठी मोजलेली रक्कम १२,००० पौंड एवढीच सांगितली जाते. पैसे क्लबने मोजले होते. वेआच्या आजीने कोणा दलालाला दिले नव्हते, ही गोष्ट मी त्या मुलाच्या आईला दोनदा सांगितली.

मोनाकोला आलेला वेआ हा जगज्जेता नव्हता. तो बावरलेला होता, ओळखीचे कोणी नव्हते आणि त्याच्याकडून कोणाला फारशा अपेक्षाही नव्हत्या, असे वेंगर यांनीच पुढे सांगितले आहे. एक आठवण खुद्द वेआने सांगितलेली आहे. सरावाचा कंटाळा आला होता, अंग दमले होते, म्हणून एके दिवशी त्याने डोके दुखत असल्याचे कारण पुढे केले. वेंगर रागावले नाहीत. कठीण आहे हे मला कळते, पण काम करावे लागेल, तुझ्यात जे आहे त्यावर तू जगातल्या उत्तम खेळाडूंपैकी एक होऊ शकतोस, अशा अर्थाचे ते काहीतरी बोलले, आणि हा पुन्हा मैदानावर गेला. खोट्या डोकेदुखीची ही गोष्ट मला वेआच्या सगळ्या पदकांपेक्षा जास्त आवडते. मोनाकोत तो चार हंगाम राहिला. १९८९ मध्ये आफ्रिकेचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला, १९९१ मध्ये संघाबरोबर फ्रेंच चषक जिंकला, आणि या सगळ्या काळात वेंगर त्याला वडिलांच्या जागी होते, असे तो सांगतो.

१९९२ मध्ये तो पॅरिस सेंट जर्मेंकडे गेला. तेथे १९९३-९४ चे फ्रेंच विजेतेपद, १९९३ आणि १९९५ चे फ्रेंच चषक, आणि १९९४-९५ च्या चॅम्पियन्स लीगमध्ये सर्वाधिक गोल. म्युनिकमध्ये बायर्नच्या बचावातून वाट काढत त्याने एकट्याने केलेला गोल याच स्पर्धेतला. उपांत्य फेरीत पॅरिसला मिलानने हरवले आणि त्याच उन्हाळ्यात वेआ मिलानमध्ये दाखल झाला. १९९५ सालापर्यंत बॅलन डी’ओर, म्हणजेच वर म्हटलेला सुवर्णचेंडू, हा वर्षातल्या सर्वोत्कृष्ट खेळाडूचा पुरस्कार केवळ युरोपीय खेळाडूंना देण्याचा नियम होता. त्या वर्षी नियम बदलला, युरोपच्या क्लबांत खेळणाऱ्या कोणत्याही देशाच्या खेळाडूला तो खुला झाला, आणि पहिल्याच वर्षी वेआने तो जिंकला. फिफाचा जागतिक सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मानही त्याच वर्षाचा. ते पदक त्याने वेंगर यांच्या हाती दिले. वेंगर तेव्हा जपानमधल्या नागोया येथे प्रशिक्षक होते, म्हणजे वेआला त्यांच्याकडून मिळण्यासारखे काही उरले नव्हते. आजतागायत बॅलन डी’ओर जिंकणारा दुसरा आफ्रिकी खेळाडू झालेला नाही.

येथे लेखातल्या आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. वेआचे वर्णन करताना ‘निसर्गदत्त ताकद’ आणि ‘चित्त्यासारखा’ हे शब्द आले आहेत, आणि त्याच लेखात त्याचा मिलानमधला सहकारी मालदिनी मात्र ‘बुद्धिमान’ आहे. हे लेखकाने मुद्दाम केले असेल असे मी म्हणत नाही. मराठी क्रीडापानांवर ही विभागणी वर्षानुवर्षे चालत आली आहे, युरोपीय खेळाडू डोक्याने खेळतो आणि आफ्रिकी खेळाडू मांड्यांनी. ज्यांना वेआच्या डोक्याबद्दल शंका असेल त्यांनी ८ सप्टेंबर १९९६ च्या मिलान विरुद्ध वेरोना या सामन्यातला त्याचा गोल पुन्हा पाहावा. मी तो त्या वेळी शेजाऱ्यांच्या केबलवर क्रीडावृत्तात पाहिला होता, आता नातवाच्या मोबाइलवर हवा तेव्हा पाहतो. सामना संपत आला आहे, वेरोनाला कॉर्नर मिळाला आहे, आणि मिलानचा सेंटर फॉरवर्ड स्वतःच्या गोलसमोर बचावाला उभा आहे. सगळे त्याची धाव पाहतात. मी आधीचा क्षण पाहतो. उंचावरून आलेला चेंडू तो पायाच्या एका स्पर्शात मेलेल्या पाखरासारखा जमिनीवर ठेवतो आणि मान वर करतो. मान आधी वर होते, पाय नंतर निघतात. मैदानाच्या मध्यावर तिघे अंगावर येतात, तेथे चेंडू क्षणभर निसटल्यासारखा होतो, हा स्वतःभोवती गिरकी घेऊन त्या गर्दीच्या पलीकडे निघतो, आणि मग पुढे फक्त मोकळे गवत आणि गोलरक्षक. शेवटचा फटका जोरकसही नाही. जमिनीलगत, जाळ्याच्या कोपऱ्याकडे, मोजून मारलेला आहे. मिलानने तो सामना ४-१ असा जिंकला. चित्ता कॉर्नरच्या वेळी आपल्या गोलसमोर येऊन उभा राहत नाही.

वेआ संत होता असे भासवण्याचा माझा विचार नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पोर्तुगालच्या पोर्तो क्लबबरोबरच्या सामन्यानंतर त्याने खेळाडूंच्या येण्याजाण्याच्या बोगद्यात प्रतिस्पर्ध्याच्या तोंडावर डोके मारून त्याचे नाक फोडले. त्याचे म्हणणे होते की आपल्याला वर्णावरून शिवीगाळ झाली. समोरच्याने ते नाकारले. साक्षीदार मिळाला नाही. वेआवर सहा सामन्यांची बंदी आली, आणि त्याच वर्षीचा फिफाचा खिलाडूवृत्तीचा पुरस्कारही त्यालाच मिळाला. या दोन गोष्टी एका वर्षात एका माणसाच्या नावावर कशा, याचा उलगडा मला झालेला नाही.

मिलानबरोबर त्याने १९९६ आणि १९९९ अशी दोन इटालियन विजेतेपदे मिळवली. त्यानंतर इंग्लंडमधल्या चेल्सीकडून टॉटनहॅमविरुद्ध पहिल्याच सामन्यात बदली खेळाडू म्हणून उतरून विजयी गोल, २००० चा एफए चषक, मग मँचेस्टर सिटी, मार्सेय आणि अखेरीस अबुधाबीचा अल जझिरा हा क्लब. हा भाग आपल्या लेखात व्यवस्थित आला आहे.

लेखात जवळजवळ न आलेला भाग म्हणजे लायबेरियाचा राष्ट्रीय संघ. २४ डिसेंबर १९८९ रोजी चार्ल्स टेलरचे बंडखोर सीमा ओलांडून देशात शिरले आणि जे यादवी युद्ध पेटले, ते मधल्या थोड्या विश्रांतीसह २००३ पर्यंत चालले. सुमारे अडीच लाख माणसे त्यात मेली असे मानले जाते. वेआच्या युरोपातल्या कारकिर्दीचा बहुतेक सगळा काळ त्याच्या घरी युद्ध चालू होते. संयुक्त राष्ट्रांनी हस्तक्षेप करावा असे तो उघडपणे बोलला, आणि १९९६ मध्ये मनरोव्हियातले त्याचे घर जाळण्यात आले. अशा देशाच्या फुटबॉल संघटनेकडे विमानाच्या तिकिटांचेही पैसे नसत. खेळाडूंचे कपडे, प्रवास, मानधन यांचा खर्च वेआने स्वतःच्या खिशातून केला, पुढे प्रशिक्षकाचे कामही पाहिले. या संघाने १९९६ मध्ये आणि २००२ मध्ये आफ्रिकी राष्ट्रचषकाची मुख्य स्पर्धा गाठली. २००२ च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत त्यांच्या गटात नायजेरिया, घाना, सुदान आणि सिएरा लिओन होते. शेवटी नायजेरियाचे १६ गुण झाले आणि लायबेरियाचे १५. तीस लाखांच्या आसपास वस्तीचा, युद्धात होरपळणारा देश एका गुणाने विश्वचषकाबाहेर राहिला, आणि जगातला सर्वोत्कृष्ट ठरलेला खेळाडू विश्वचषकात एकही सामना न खेळता निवृत्त झाला. आमच्या कॅन्टीनमध्ये त्या दिवशी चहा कोणी पाजायचा हा प्रश्न आला नाही.

आता राहिली खुर्ची. (राष्ट्राध्यक्ष झालेल्या माणसाला एकेरीत लिहिणे बरे नव्हे, पण खेळाडूला आपण मराठी माणसे ‘तो’च म्हणतो, आणि माझ्यासाठी वेआ शेवटपर्यंत खेळाडूच आहे.) तो २००५ मध्ये पहिल्यांदा राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला, पहिल्या फेरीत आघाडीवर राहिला आणि दुसऱ्या फेरीत एलन जॉन्सन सरलीफ यांच्याकडून हरला. हार्वर्डमध्ये शिकलेल्या बाईंच्या समोर शाळाही पूर्ण न केलेला उमेदवार, असा प्रचार झाला. त्यावर त्याने काय केले? चाळिशीच्या वयात शालान्त परीक्षा दिली, आणि त्यानंतर अमेरिकेत व्यवसाय प्रशासनाची पदवी घेतली. २०११ मध्ये उपराष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहिला, पुन्हा हरला. २०१४ मध्ये, इबोलाची साथ चालू असताना झालेल्या निवडणुकीत, मनरोव्हिया ज्या प्रांतात आहे त्या माँटसेराडोतून सिनेटवर निवडून आला. समोर राष्ट्राध्यक्षांचेच चिरंजीव होते. २०१७ च्या डिसेंबरमध्ये दुसऱ्या फेरीत तो जिंकला आणि २२ जानेवारी २०१८ रोजी एका फुटबॉल मैदानात त्याने शपथ घेतली. पहिल्या उमेदवारीपासून शपथेपर्यंत बारा वर्षे आणि दोन पराभव. याला थेट म्हणायचे असेल, तर नागपूरहून मुंबईला भुसावळ, मनमाड करीत जाणारी पॅसेंजरही थेटच म्हणायला हवी.

त्याची राजवट यशस्वी झाली असे मी लिहिणार नाही. सरकारी विद्यापीठांत पदवीचे शिक्षण निःशुल्क केल्याची घोषणा त्याने केली, पण महागाई आणि भ्रष्टाचार यांविरुद्ध २०१९ च्या जूनमध्ये राजधानीत हजारो लोक रस्त्यावर आले. २०२२ मध्ये तो सहा आठवड्यांहून अधिक काळ देशाबाहेर राहिला यावरही टीका झाली, आणि ती योग्य होती. त्या दौऱ्यातले काही दिवस तो कतारला होता. त्याचा मुलगा टिमथी अमेरिकेच्या संघातून विश्वचषक खेळत होता आणि २१ नोव्हेंबरला वेल्सविरुद्ध त्याने गोल केला, तेव्हा वडील प्रेक्षागृहात होते. राष्ट्राध्यक्ष म्हणून त्याने तेथे असायला नको होते. पण पंधरा गुण मिळवूनही घरी बसलेल्या बापाला मी त्या एका संध्याकाळबद्दल बोल लावू शकत नाही. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये जोसेफ बोआकाई यांनी त्याला अत्यंत थोड्या मतांनी हरवले, एकाला ५०.६४ टक्के, दुसऱ्याला ४९.३६. अंतिम निकाल जाहीर होण्याआधीच वेआने पराभव मान्य करून बोआकाई यांचे अभिनंदन केले. ज्या देशाने सत्तेसाठी चौदा वर्षे बंदुका पाहिल्या, तेथे हे घडले. आपल्या लेखाचा शेवट मात्र शपथविधीवर होतो, जणू पुढे काही झालेच नाही.

आता पुन्हा नागपूरकडे येतो. पहिली पायरी आपल्याकडे नाही असे नाही. विजय बारसे सरांनी २००१ पासून झोपडपट्टीतल्या मुलांसाठी फुटबॉलचे जे काम येथे उभे केले, ते नागपूरकरांना नव्याने सांगण्याची गरज नाही. शेजारच्या कामठीत तर फुटबॉल घराघरात आहे. अडचण दुसऱ्या पायरीची आहे. वेआला ती पायरी मिळाली होती. पोट भरायला नोकरी होती, आणि त्याच शहरात असे संघ होते की ज्यांच्या सामन्यांना माणसे येत आणि ज्यांची बातमी शेजारच्या देशापर्यंत पोहोचे. आमच्या तरुणपणी नागपुरातही तशी सोय होती. रेल्वे, डाक-तार, पोलीस, बँका यांचे संघ होते, खेळावर नोकरी लागत असे, मी स्वतः तसाच लागलो. यशवंत स्टेडियमवर किंवा मोतीबागेत शहर लीगचा सामना असला की साहेब दुपारी तीनला सोडून देत. मी डाव्या बगलेचा बचावपटू होतो, फारसा चांगला नव्हतो, आणि कामठीचा संघ समोर आला की आमच्या गोलरक्षकाच्या पोटात गोळा येई. तरीही सोमवारच्या पेपरात निकाल येत असे, गोल करणाऱ्याचे नाव येत असे, आणि ते कात्रण नोकरीच्या अर्जाला जोडता येत असे. आता खात्यांची भरती आटली, संघ मोडले. लीग अजूनही होते, पण तिचा निकाल कुठे वाचायला मिळत नाही. ही रिकामी जागा दलालांनी व्यापली आहे.

अशा दलालांचा सर्वांत जुना आणि कडू अनुभव पश्चिम आफ्रिकेलाच आहे. वेआच्या यशानंतर त्या किनाऱ्यावरच्या कित्येक कुटुंबांनी जमीन, दागिने विकून मुलांना ‘चाचणी’साठी युरोपात पाठवले, आणि त्यांतली अनेक मुले विमानतळावर किंवा स्वस्त हॉटेलात सोडून दलाल पसार झाले. कॅमेरूनचे माजी खेळाडू ज्याँ-क्लोद अंबूमे यांनी अशा मुलांसाठी २००० मध्ये फ्रान्समध्ये एक संस्थाच काढली. फिफाने २००१ पासून नियम केला आहे की मोजके अपवाद सोडता १८ वर्षांखालील खेळाडूची दुसऱ्या देशातल्या क्लबात बदली होऊ शकत नाही. आमच्या मैदानावरचा मुलगा सतरा वर्षांचा आहे. म्हणजे ६०,००० रुपये घेणाऱ्याला, त्याच्या मनात काहीही असले तरी, त्या मुलाला कोणत्याही परदेशी क्लबात नोंदवून देणे शक्यच नव्हते. आपल्या लेखाशेजारी हा नियम दोन ओळींच्या चौकटीत छापला असता, तर त्या बाईला माझ्याकडे यावे लागले नसते.

म्हणून दोन विनंत्या आहेत. वरील नियम आपल्या क्रीडापानावर ठळकपणे प्रसिद्ध करावा. आणि शहर लीग चालू असते त्या महिन्यांत निकाल, गोल करणाऱ्यांची नावे आणि पुढच्या सामन्याची वेळ, एवढे रोज छापावे. त्याला अर्धे पान लागत नाही. जुन्या काळी आपण सिनेमांच्या वेळा छापत होतात, तेवढी जागा पुरते. लेखकाला माझा नमस्कार सांगावा. त्यांनी वेआवर पुन्हा लिहावे, आणि टेलिफोन खात्यापासून सुरुवात करावी.

आपला,
एक निवृत्त दूरध्वनी कर्मचारी, नागपूर

ता. क. — त्या बाईंनी पैसे दिले नाहीत. मुलाचा संघ काल १-२ असा हरला. एकमेव गोल त्याचाच होता, उजव्या पायाने, पाऊल बाहेर वळवून मारलेला. मैदानावर आम्ही सहा जण होतो.